पेशवा हर्णैला का गेला? कोकणातून निसटण्याचं गणित

शाळेच्या पुस्तकात दुसऱ्या बाजीरावाचं पळणं दीड ओळीत उरकलेलं असतं. होळकरांनी हडपसरला हरवलं, बाजीराव वसईला गेला, इंग्रजांशी तह केला. पुढचा धडा. पण नकाशा समोर ठेवला की ही दीड ओळ खटकायला लागते. पुण्याहून वसई गाठायची तर माणूस बोरघाट उतरेल आणि पनवेल-कल्याणच्या अंगाने वर सरकेल. बाजीराव गेला सिंहगडावर, तिथून रायगड, मग महाड, मग पार हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्गावर. तिथून गलबतात बसून रेवदंड्यामार्गे वसई. वायव्येला जायचं ते आधी नैर्ऋत्येला, आणि मग सगळा किनारा उलटा वर.

घाबरट माणूस वाट फुटेल तिकडे पळाला, असं म्हणून विषय संपवता येतो, आणि बरेचजण संपवतातही. बाजीराव शूर नव्हता हे मलाही मान्य आहे. पण ही वाट वेड्यासारखी नाही. कोकणात उतरून पाठलाग चुकवणाऱ्याला काय काय जुळवावं लागतं, हे समजून घ्यायला तिच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

आधी पाठीवर कोण होतं ते बघू. १८०० च्या मार्चमध्ये नाना फडणवीस गेले आणि पुण्याच्या दरबारात कोणाला आवर घालणारं माणूस उरलं नाही. एप्रिल १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी पकडले गेले. बाजीरावाने त्यांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं. ही शिक्षा निव्वळ क्रूर तर होतीच, पण राजकारण म्हणूनही मूर्खपणाची होती. त्यानंतर यशवंतराव फौज घेऊन दक्षिणेत उतरले. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा त्यांनी धुव्वा उडवला. तेव्हा बाजीराव २७ वर्षांचा होता. यशवंतरावांना पेशवा मारायचा नव्हता, आपल्या मुठीत हवा होता. ‘परत या’ असे निरोप ते पाठवतच होते. पण भाऊ हत्तीखाली गेलेल्या माणसाच्या शब्दावर, तो हत्ती सोडणाऱ्याने विश्वास कसा ठेवावा? पळण्यामागचा खरा हिशोब इथेच सुरू होतो. पकडले गेलो तर काय होईल, याचा अंदाज पळणारा माणूस आपण स्वतः काय केलं असतं त्यावरून बांधतो.

सिंहगड पुण्याहून दिसतो, म्हणून तो पहिला आसरा. पण किल्ला हा आसरा कधी असतो? बाहेरून कोणी सोडवायला येणार असेल तेव्हा. शिंद्यांची मुख्य ताकद उत्तरेत, दौलतराव दूर माळव्याच्या बाजूला. गडावर बसून राहिलं तर होळकरांनी नुसता वेढा घालायचा आणि वाट बघायची. वेढ्यात अडकलेला किल्ला म्हणजे तिजोरी, आतल्याला सुरक्षित वाटते खरी, पण किल्ली बाहेरच्याच्या हातात. म्हणून सिंहगड लगेच सोडावा लागला.

आता घाट. सह्याद्रीचा कडा देशाच्या बाजूने साधा डोंगर वाटतो, कोकणाच्या बाजूने ती सरळ भिंत आहे. भिंतीला चिरा आहेत, त्यांना घाट म्हणतात. त्याहून अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेल्या चिरेला नाळ म्हणतात. राजगड-तोरण्याच्या मागून मढे घाट, शेवत्या घाट, बोराट्याची नाळ अशा वाटा रायगडाच्या मुलखात उतरतात. हे रस्ते आजही पायी करता येतात. बोराट्याची नाळ उतरलेल्यांना विचारा, हात टेकल्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. अशा वाटेने हजार घोडेस्वार उतरवायचे म्हणजे एकामागे एक रांग लावायची आणि तोंडाशी दहा माणसं बसलेली नसतील अशी आशा करायची. मराठी घोडदळाची सगळी भीती होती ती मैदानातल्या वेगाची. घाटाच्या तोंडाशी तो वेग संपतो.

खाली उतरल्यावरही तो परत मिळत नाही. जांभ्याचे सडे, भाताची खाचरं, त्यांचे बांध, आणि दर काही कोसांवर आडवी येणारी खाडी. देशावरची नदी उन्हाळ्यात घोड्यावरून ओलांडता येते. खाडी तशी ओलांडता येत नाही. तिथे तर लागते, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, आणि त्या होडीला भरतीची वेळ. वेसवी-बागमांडल्याच्या फेरीबोटीसाठी मोटारींच्या रांगेत थांबलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. पाठलाग करणाऱ्याला सगळ्या फौजेसाठी होड्या लागतात, पळणाऱ्याला थोड्या. आणि शेवटची होडी आपल्या बाजूच्या काठाला बांधून ठेवली की मागच्याचा दिवस गेला.

मात्र पळणारा राजा कधीच एकटा नसतो. पालख्या, खजिना, कारकून, दप्तर, नोकरचाकर, बायकामुलं. ज्याच्या जिवाला सगळ्यांत जास्त किंमत, त्याचाच वेग सगळ्यांत कमी. कोकणातल्या फरारांच्या गोष्टी वाचताना हे विसरलं की सगळंच सोपं वाटायला लागतं.

ऋतूचं काय? कोकणात पाऊस पळणाऱ्याचा मित्र आहे. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले ते भर पावसात. पण पाऊस डोंगर उघडतो आणि समुद्र बंद करतो. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत या किनाऱ्यावर गलबत घालणं म्हणजे जीव ओवाळून टाकणं. बाजीराव उतरला दिवाळीनंतर. म्हणजे पाठलाग करणाऱ्यालाही वाटा कोरड्या आणि चारा मुबलक, पण समुद्र मोकळा. डोंगरात लपून राहण्याचा काळ गेला होता आणि पाण्यावरून जाण्याचा आला होता. महाडला पोहोचेपर्यंत बहुधा त्यालाही हे कळलं असावं.

महाडच्या आधी थोडं मागे जायला हवं, कारण याच मुलखात याच पेचात आधी तीन मोठी माणसं सापडली होती. तिघांची उत्तरं वेगवेगळी.

औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर १६८१ मध्ये दुर्गादास राठोडासोबत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्याला ठेवलं सुधागडाच्या पायथ्याशी, पालीच्या परिसरात. बाप स्वतः दख्खनमध्ये उतरलेला, आणि समुद्रावर जंजिऱ्याचा सिद्दी बापाच्या बाजूचा. अकबराने जवळपास सहा वर्षं वाट पाहिली. दिल्लीवर चाल करून जाऊ, कोणीतरी मदत करेल, बादशहा मरेल. शेवटी १६८७ च्या सुरुवातीला राजापूरला एका इंग्रज कप्तानाचं जहाज भाड्याने घेऊन तो इराणकडे निघाला. वेळ अचूक होती. हिवाळ्यात या समुद्रावर वारा ईशान्येकडून वाहतो. शीड उभारलं की तो गलबताला अरबस्तानाकडे ढकलतो. दोन-तीन महिने उशीर झाला असता तर वारा उलटा फिरला असता आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागलं असतं. जहाज मस्कतला लागलं, तिथून तो इस्फहानला शहाच्या दरबारात पोहोचला. जीव वाचला, पण हिंदुस्थान कायमचा सुटला. परत येणं झालंच नाही, औरंगजेबाच्या आधीच तो तिकडे वारला.

दुसरं नाव घेताना मराठी माणसाचा हात अडखळतो. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरात संभाजी महाराज पकडले गेले. मोगलांचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरून आला. कोकणाच्या भूगोलावर जो भरवसा इतरांना तारतो, त्याच भरवशाने इथे घात केला. घाट अवघड आहे, खाली कोणी येणार नाही, आलाच तर आधी कळेल. पण कळवणारे पहारे ढिले पडले तर अवघड घाट फक्त उतरणाऱ्याला अवघड राहतो, येताना तो कोणाला दिसत नाही. या घटनेवर फितुरीच्या अनेक कथा आहेत. मला त्यातला सर्वांत साधा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मुक्काम लांबला.

तिसरे राजाराम महाराज. त्याच वसंतात मोगल रायगडाला वेढा घालत होते. येसूबाईंनी ठरवलं की राजघराण्यातल्या सगळ्यांनी एका गडावर राहायचं नाही. स्वतः त्या लहानग्या शाहूसह रायगडावर राहिल्या आणि राजाराम प्रतापगडाच्या वाटेने निसटले. पुढे पन्हाळा, आणि तिथून वेष पालटून कर्नाटकातून जिंजी. समुद्राकडे न जाता डोंगराकडे, आणि शत्रूच्या मुलखातून थेट आरपार. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. पण राजाराम हाती लागले नाहीत आणि युद्ध पुढे अठरा वर्षं चाललं. निसटण्याची किंमत इथे कोणी परका घेत नव्हता. घरातलं माणूस मागे राहून ती भरत होतं.

आता महाड. बाजीराव नोव्हेंबरचा बराच काळ इथे होता आणि मुंबईला पत्रं लिहीत होता. महाड म्हणजे सावित्री नदी, आणि सावित्री म्हणजे बाणकोटची खाडी. समुद्राचं पाणी भरतीबरोबर महाडपर्यंत चढायचं, मालाचे पडाव त्याच पाण्यावर वर यायचे आणि ओहोटीबरोबर खाली जायचे. उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी चांगलं चढतं, भांगाच्या भरतीला कमी. महाडला बसलेल्या माणसाच्या दारात समुद्राकडे जाणारा रस्ता बांधलेला होता. मग तो त्या रस्त्याने सरळ खाली का गेला नाही?

कारण रस्त्याच्या टोकाला इंग्रज बसले होते. बाणकोटचा किल्ला तेव्हा त्यांचा होता, फोर्ट व्हिक्टोरिया नावाने. तो त्यांना मिळाला कसा, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कडू गोष्ट आहे. बाजीरावाचे चुलते नानासाहेब पेशवे यांचं कोकणातले आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांच्याशी पटेना. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, शत्रूचीच नव्हे तर कोणाचीही जहाजं लुटत होते. तेव्हा नानासाहेबांनी मुंबईच्या इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या तोफांनी सुवर्णदुर्ग घेतला आणि तो पेशव्यांकडे आला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर गेले, आणि बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. त्या व्यवहारात बाणकोट इंग्रजांना मिळालं. सेहेचाळीस वर्षांनी नानासाहेबांचा पुतण्या याच खाडीच्या वरच्या टोकाला बसून, कोणाचं जहाज मिळेल का याची वाट बघत होता.

पेशव्यांचं आरमार अजिबातच नव्हतं असं नाही. विजयदुर्गाला धुळपांचा सुभा होता, आणि धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांच्या रेंजर जहाजाला चांगलंच झोडपलं होतं. पण १८०२ पर्यंत ती धार गेली होती, आणि विजयदुर्ग खाली खूप लांब. मुंबईची गलबतं मात्र एका निरोपावर येऊ शकत होती.

याच खाडीची आणखी एक जुनी आठवण आहे, ती परंपरेने सांगितली जाते. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या संशयाला बळी पडायच्या बेतात असताना ही खाडी ओलांडून वेळासला आले, तिथल्या भानूंनी त्यांना साथ दिली, आणि दोघं मिळून घाट चढून देशावर गेले. भट पेशवे झाले, भानूंच्या घरात पुढे नाना फडणवीस जन्मले. म्हणजे पेशवाईची सुरुवातही एका फराराने याच पाण्यावर केली होती. फरक इतकाच की पणजोबा कोकणातून वर गेले आणि पणतू वरून खाली आला.

बाजीराव बाणकोटला न जाता आणखी दक्षिणेला हर्णैला का गेला, यावर माझं मत असं: त्याला अजून सौदा करायचा होता. बाणकोटच्या दरवाजातून आत गेला असता तर तो इंग्रजांचा पाहुणा झाला असता, आणि शरण आलेला पाहुणा अटी घालत नाही. सुवर्णदुर्ग त्याचा स्वतःचा. तिथून बोलणी केली तर निदान म्हणायला पेशवा आपल्या किल्ल्यातून बोलतो आहे. मध्ये केळशीची आणि आंजर्ल्याची खाडी, मागच्यांना थोडा आणखी अडथळा.

हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग इतका जवळ दिसतो की पोहून जाता येईलसं वाटतं. मच्छीमारांच्या होडीतून गेलं तर धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. दरवाजा तोंडासमोर येईपर्यंत दिसत नाही, बुरुजांच्या कुशीत तो दडवलेला आहे. पायरीवर कासव कोरलेलं, शेजारच्या तटात मारुती. आत गेलं की तट भक्कम, मधे रान, पाण्याचे साठे, पडक्या वास्तू. हा किल्ला आरमारासाठी बांधलेला. आसपास स्वतःची गुराबं, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आणि गलबतं फिरत असतील तोवर तो अभेद्य. ती नसतील तर समोरच्या किनाऱ्यावर तोफा चढवलेला शत्रू आणि मागे उघडा समुद्र. जेम्सने १७५५ मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं होतं. आता होळकरांची माणसं घाट उतरून कोकणात आली होती. सुवर्णदुर्गात महिनोन् महिने काढता येणार नव्हते.

म्हणून समुद्र. होळकरांकडे घोडे होते, गलबतं नव्हती. एकदा पाण्यावर गेलं की पाठलाग तिथेच संपत होता. या किनाऱ्यावर हिवाळ्यात शिडाचं गलबत वर न्यायचं तर रोजच्या वाऱ्याचा खेळ सांभाळावा लागतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, त्यावर किनाऱ्यापासून बाहेर पडायचं. दुपारी खारा वारा उलटतो, त्यावर परत किनाऱ्याकडे यायचं. असं नागमोडी वर जायचं, जमेल तिथे बंदरात थांबायचं. मुंबईकरांनी पाठवलेल्या जहाजाच्या आधाराने बाजीराव रेवदंड्यावरून डिसेंबरात वसईला पोहोचला.

वसईसुद्धा नीट विचार करून निवडलेली जागा. किल्ला पेशव्यांचा, चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला. पण खाडीच्या पलीकडे साष्टी, आणि साष्टी इंग्रजांची. आपल्या जमिनीवर उभं राहून परक्याचा हात धरता येईल अशी तेवढीच एक जागा किनाऱ्यावर होती.

त्या हाताची किंमत मात्र आधीच ठरली होती. हडपसरच्या लढाईच्या दिवशीच बाजीरावाच्या कारभाऱ्याने इंग्रज रेसिडेंट क्लोजच्या हाती कच्चा मसुदा दिला होता: इंग्रजांच्या पलटणी ठेवून घेऊ, त्यांच्या खर्चासाठी मुलूख तोडून देऊ. बाप रघुनाथराव १७७५ मध्ये सुरतेला याच दारातून गेला होता, मुलाने दार ओळखीचं म्हणून ठोठावलं. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. सोप्या शब्दांत तो असा. इंग्रजांची सहा हजारांहून कमी नाही इतकी पायदळ फौज पेशव्याच्या राज्यात कायम राहणार, हिलाच तैनाती फौज म्हणायचं. तिच्यासाठी वर्षाला सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख द्यायचा. इंग्रजांच्या शत्रू देशांतले युरोपीय चाकरीत ठेवायचे नाहीत. निजाम आणि गायकवाड यांच्याशी भांडण झालं तर निवाडा इंग्रज करणार. आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी तह नाही, कोणाशी लढाई नाही. या शेवटच्या कलमाने बाकीची कलमं अनावश्यक केली होती.

होळकरांच्या तावडीत सापडला असता तर काय झालं असतं? यशवंतरावांनी पुण्यात बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव याचा मुलगा विनायकराव याला गादीवर बसवायचा घाट घातलाच होता. बाजीराव गादीवर राहिला असता तर होळकरांच्या मुठीत, जसा आधी शिंद्यांच्या मुठीत होता तसाच. अपमान झाला असता, पैसे उकळले गेले असते, कदाचित कैद. पण मराठी सरदारांच्या मुठी कायम घट्ट राहत नसत. एकाने धरलेलं दुसरा सोडवून घेई, शंभर वर्षं हेच चाललं होतं. इंग्रजांची मूठ तशी नव्हती. बाजीरावाने मोठा धोका टाळण्यासाठी लहान धोका पत्करला असं त्याला वाटलं असणार. मला वाटतं त्याने मोजमापच चुकीचं केलं. जो धोका जिवाला होता तो त्याला पुरता दिसला, आणि जो राज्याला होता तो कागदावर होता म्हणून लहान वाटला.

१३ मे १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या छायेत तो पुण्यात परतला. गादी मिळाली.

पंधरा वर्षांनी त्याला पुन्हा पळावं लागलं, या वेळी इंग्रजांपासून. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई हरल्यावर त्याने कोणत्या दिशा धरल्या ते बघा: सातारा, पंढरपूर, वर जुन्नरची बाजू, कोरेगाव, खाली कर्नाटक, मग सोलापूरजवळ आष्टी, जिथे त्याचे सेनापती बापू गोखले पडले, आणि शेवटी पूर्वेला चांद्याकडून फिरून असीरगडाच्या परिसरात ३ जून १८१८ ला इंग्रज सेनापती माल्कमपुढे शरणागती. सात महिने, शेकडो कोस, आणि त्यात कोकणाकडे एकदाही नाही. १८०२ मध्ये जे दार उघडं होतं त्याच्या चौकटीत आता पाठलाग करणाराच उभा होता. बायको वाराणसीबाईंना मात्र त्याने जुन्या सवयीने रायगडावर ठेवलं होतं. कर्नल प्रॉथरची तुकडी कोकणच्या बाजूने वर आली, तोफा लावल्या, आणि १० मे १८१८ ला गड इंग्रजांच्या ताब्यात गेला.